डोक्याचा मुका मार

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या भाषेत 'मुका मार' असा एक नेमका शब्द आहे. रक्त येत नाही, कातडी फाटत नाही, पण आत दुखत राहते, असा मार. हातापायाला मुका मार लागला तर आपण शेक देतो आणि चार दिवसांत विसरतो. हाच मार डोक्याला लागला तर गोष्ट वेगळी असते, पण आपली सवय जात नाही. मुलगा सायकलवरून पडला, आजी मोरीत घसरली, कुणी मोटारसायकलवरून उडाले, तर पहिला प्रश्न असतो, "रक्त आले का?" नाही असे कळले की सगळ्यांना हायसे वाटते.

आज या मुक्या माराबद्दल बोलायचे आहे. तो किती जणांना लागतो, लागल्यावर आत काय घडते आणि जीव वाचल्यानंतर त्या माणसाचे पुढे काय होते? यातला शेवटचा प्रश्न आपण सर्वांत कमी विचारतो, आणि घराघरांत सर्वांत जास्त काळ छळतो तो तोच.

आत काय घडते?

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण एक किलो चारशे ग्रॅम वजनाचा असतो. तो किती मऊ असतो याची कल्पना हवी असेल तर खरवसाची वडी आठवा. ही वडी थोड्या पाण्यासह एका कठीण डब्यात ठेवली आहे असे समजा. डबा नुसता हातात धरला तर वडीला काही होत नाही. पण धावता डबा एकदम भिंतीवर आदळला तर डबा थांबतो, आतली वडी मात्र थांबत नाही. ती पुढच्या बाजूला आपटते, मग उलटून मागच्या बाजूला आपटते, आणि स्वतःभोवती पिळवटलीही जाते. डब्याला पोचा आला नाही म्हणून वडी शाबूत आहे, असे म्हणता येत नाही.

मेंदूला अशा वेळी तीन प्रकारे इजा होते. एक, मेंदू जिथे आपटला तिथे तो ठेचला जातो. दोन, एखादी रक्तवाहिनी फुटते आणि कवटीच्या आत रक्ताची गाठ साचू लागते. तीन, मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणारे लांबच लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा. तंतू इतके बारीक असतात की सीटी स्कॅन अगदी स्वच्छ येऊ शकतो आणि तरीही माणूस पहिल्यासारखा नसतो.

यात आणखी एक अडचण आहे. पायाला सूज आली तर पाय फुगतो. मेंदूला सूज आली तर त्याला फुगायला जागाच नाही. कवटी हा बंद डबा आहे. आत सूज किंवा रक्त वाढले की दाब वाढतो, दाब वाढला की मेंदूला रक्त कमी पोचते, रक्त कमी पोचले की सूज आणखी वाढते. म्हणून डॉक्टर दोन इजा वेगवेगळ्या मानतात. पहिली इजा आपटण्याच्या क्षणी झालेली. ती कुणालाच मागे घेता येत नाही. दुसरी इजा त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत होणारी. ही बरीचशी टाळता येते, आणि रस्त्यावरच्या माणसापासून अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेपर्यंत सगळ्यांचे काम असते ते हेच.

किती जणांना?

जगभरात दरवर्षी सुमारे ६ कोटी ९० लाख माणसांच्या मेंदूला माराने इजा होते, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात मांडला गेला. महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक लोकसंख्येएवढी ही माणसे झाली, आणि तीही दर वर्षी. यातल्या बहुसंख्यांची, म्हणजे दहांपैकी सुमारे आठ जणांची इजा सौम्य गटात मोडते. बाकीच्या दोघांची मध्यम किंवा गंभीर.

आपल्या देशात या इजेचे सर्वांत मोठे कारण रस्ता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४. देशातल्या मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्या एका वर्षात गेले. त्यांपैकी १४,३३७ जण दुचाकी चालवत नव्हते, मागे बसले होते. 'मी कुठे चालवतोय?' असे म्हणून मागच्या सीटवर उघड्या डोक्याने बसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्याच अहवालात जखमींचाही आकडा आहे, ४,४३,३६६. हे लोक 'गंभीर' आणि 'किरकोळ' अशा दोन कप्प्यांत विभागलेले असतात. पण त्यांतले कितीजण पुन्हा कामावर गेले, कितीजणांना घरच्यांची नावे आठवत नाहीत, कितीजणांच्या बायकांनी नोकरी सोडली, याला रकाना नाही. मेलेल्यांची मोजदाद होते, वाचलेल्यांची पुढची गोष्ट मोजली जात नाही.

रस्ता हे एकच कारण नाही. लहान मुले गच्चीवरून, जिन्यावरून, झाडावरून पडतात. संक्रांतीत पतंगामागे धावताना कठडा नसलेल्या गच्चीचे भान राहत नाही. दहीहंडीत वरच्या थरावरचा गोविंदा खाली येतो. बांधकामावरचा मजूर परातीवरून पडतो. आणि म्हातारी माणसे घरातच पडतात. ओली मोरी, रात्रीचा अंधार, सरकणारे पायपुसणे एवढे पुरते. युरोपात आता मेंदूच्या इजेचे पहिले कारण वाहनअपघात नसून पडणे हेच आहे, कारण तिथे वृद्धांची संख्या मोठी आहे. आपल्याकडेही आयुर्मान वाढते आहे, तेव्हा आपणही त्याच वाटेवर आहोत.

वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो आणि कवटी व मेंदू यांच्यामधल्या शिरा ताणलेल्या राहतात. हलक्या धक्क्यानेही त्यांतली एखादी झिरपू लागते. पडल्याच्या दिवशी काहीच जाणवत नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी आजोबांचे डोके दुखू लागते, ते एका बाजूला झुकून चालतात, बोलताना गोंधळतात, दिवसा झोपून राहतात. घरचे म्हणतात, "आता वय झाले." पुष्कळदा ते वय नसते, साचलेले रक्त असते. कवटीला छोटे भोक पाडून ते काढता येते, आणि नंतर माणूस पुष्कळदा चांगला सावरतो. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक. म्हणून घरातले वडीलधारे पडले तर तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्याभराने ती उपयोगी पडू शकते.

पहिले काही तास

क्रिकेटप्रेमींना रमण लांबा आठवत असेल. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातल्या एका क्लब सामन्यात तो फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला उभा राहिला. षटकाचे तीनच चेंडू उरले होते, म्हणून त्याने हेल्मेट मागवले नाही. जोरात मारलेला चेंडू डोक्यावर लागला. लांबा उठला, चालत तंबूत गेला. नंतर त्याची शुद्ध हरपत गेली आणि तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ३८.

मार लागल्यावर काही काळ माणूस ठीक दिसणे आणि मग ढासळणे, हे डोक्याच्या इजेत पुन्हा पुन्हा दिसते. आत रक्त हळूहळू साचत असते. तेवढा वेळ डबा पुरतो, मग पुरेनासा होतो. त्यामुळे 'आता बरा आहे ना' यापेक्षा 'तासाभरापूर्वीपेक्षा कसा आहे' हा प्रश्न महत्त्वाचा.

डोके अधिकाधिक दुखू लागले, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, गुंगी वाढू लागली, बोलणे असंबद्ध झाले, फिट आली, एक हात किंवा पाय लुळा पडला, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव अथवा रक्त आले, तर एक मिनिटही न दवडता जिथे सीटी स्कॅन आहे अशा रुग्णालयात न्यावे. मार लागलेल्याला झोपू द्यायचे नाही, असा एक समज आहे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर झोपायला हरकत नाही, पण पहिल्या रात्री त्यांनी सांगितलेल्या अंतराने उठवून नाव विचारावे, बोलते करावे.

रस्त्यावर काय करावे? आपल्याकडे बेशुद्ध माणसाच्या तोंडात आधी पाणी ओततात. हे कधीही करू नये. ते पाणी श्वासनलिकेत जाते. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यानेही काही होत नाही. मानेलाही इजा असू शकते, म्हणून दोघांनी हात आणि दोघांनी पाय धरून रिक्षात कोंबू नये. आग किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसेल तर मान न हलवता रुग्णवाहिकेची वाट पाहावी. श्वास नीट चालू आहे ना ते बघावे. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एकाच वेळी वळवून कुशीवर करावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. हे साधे वाटते, पण मेंदूला प्राणवायू आणि रक्त मिळत राहणे यावरच पुढचे सगळे अवलंबून असते. रक्तदाब एकदा जरी फार खाली गेला तरी गंभीर इजा झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण जवळपास दुप्पट होते, असे अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळले होते.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. 'पोलिसांचे लफडे नको' म्हणून पुढे न येणाऱ्यांची भीतीही आता निराधार आहे. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून त्या संरक्षणाला कायद्याचा आधार देण्यात आला. जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

रुग्णालयात

रुग्णालयातल्या कागदांवर 'जीसीएस' अशी तीन अक्षरे आणि पुढे एक आकडा दिसतो. ही ग्लासगो शहरातल्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली मांडलेली मोजपट्टी. रुग्ण डोळे कधी उघडतो, बोलतो कसा आणि हातपाय कसे हलवतो, या तीन गोष्टींना गुण द्यायचे. सर्वांत वर १५ आणि सर्वांत खाली ३. तेरा ते पंधरा म्हणजे सौम्य, नऊ ते बारा मध्यम, आठ किंवा कमी म्हणजे गंभीर. परीक्षेतले गुण नव्हेत हे, तेव्हा एकाच आकड्यावर आशा-निराशा ठरवू नये. काल ७ होते, आज ९ आहेत, ही चाल पाहायची.

उपचारांबाबत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सूज उतरावी म्हणून अनेक वर्षे या रुग्णांना स्टेरॉइड दिले जाई. पटण्यासारखे होते, सगळीकडे चालू होते. मग दहा हजारांवर रुग्णांवर त्याची रीतसर पडताळणी झाली. २००४ साली निष्कर्ष आला. स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले होते, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे औषधच घातक ठरत होते. ते बंद झाले. उलट, रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे जुने, स्वस्त औषध सौम्य व मध्यम इजेत तीन तासांच्या आत दिले तर काही जीव वाचतात, असे २०१९ च्या तशाच मोठ्या अभ्यासात दिसले. उशीर झाला की फायदा घटतो.

दाब कशानेच उतरत नसेल तर कवटीचा तुकडा काही महिन्यांसाठी काढून ठेवतात. 'हाड पोटात ठेवले आहे' असे नातेवाईक सांगतात ते हेच. मेंदूला फुगायला जागा मिळते. या शस्त्रक्रियेचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी सहा महिन्यांत ४८.९ टक्के मरण पावले, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २६.९ टक्के. केवढा फरक! पण दुसरा आकडाही तिथेच आहे. डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेत राहिलेल्यांचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर गेले. मृत्यू टळला, तो प्रत्येकाच्या बाबतीत पूर्ण आयुष्यात बदलला नाही. सही करण्यापूर्वी नातेवाइकांना डॉक्टरांनी या दोन्ही बाजू सांगायला हव्यात, आणि नातेवाइकांनी त्या विचारायला हव्यात.

वाचल्यानंतर

याच ग्लासगोतून १९७५ साली दुसरी एक मोजपट्टी आली, इजेनंतर माणूस कुठे पोचला हे सांगणारी. तिच्या पाच पायऱ्या. मृत्यू, जाग आहे पण भान नाही, रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्यावर अवलंबून, स्वतःचे स्वतः करतो पण पूर्वीचे काम जमत नाही, आणि चांगली सुधारणा.

मग कोण कुठल्या पायरीवर पोचतो? अमेरिकेतल्या अठरा केंद्रांवरच्या मध्यम आणि गंभीर इजेच्या ४८४ रुग्णांचा वर्षभर माग ठेवून २०२१ साली निष्कर्ष मांडले गेले. गंभीर इजा झालेल्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक जण वर्षअखेर दिवसातले काही तास तरी घरी एकटे राहण्याइतके सावरले होते. मध्यम इजेत असे चारांपैकी तीन. पाचांतला जवळपास एक गंभीर रुग्ण तर वर्षाने कोणतेही अपंगत्व नसलेला होता. दोन आठवड्यांनंतरही ज्यांना भान नव्हते, त्यांच्यातल्या ७८ टक्क्यांना वर्षभरात भान आले. हे आकडे उत्तम सोयी असलेल्या केंद्रांतले आहेत हे खरे. तरी दोन आठवड्यांत आशा सोडू नये, एवढे ते नक्की सांगतात.

आपल्या क्रिकेटमध्येच याचे उदाहरण आहे. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर लागला. कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुढे प्रथम श्रेणीचे सामनेही खेळले. पुन्हा कसोटी खेळायला मात्र मिळाली नाही. त्यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ साली, तब्बल साठ वर्षांनी, मुंबईत काढण्यात आली. वेळेवर मिळालेले उपचार आणि नंतरची चिकाटी काय करू शकते, ते यातून दिसते.

सौम्य इजेचे काय? बहुतेकांचे डोके दुखणे, चक्कर, चिडचिड, उजेड-आवाज सहन न होणे हे सगळे काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत कमी होते. पण सर्वांचे नाही. अमेरिकेतल्याच २०१९ च्या एका अभ्यासात मोठ्या अपघात केंद्रांत आलेल्या सौम्य रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांना वर्षानंतरही रोजच्या व्यवहारात काही ना काही अडचण जाणवत होती. 'सौम्य' हा शब्द पहिल्या दिवसाचे वर्णन करतो, पुढच्या वर्षाचे नव्हे. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय संघटनेलाही हे उमगले आणि ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी सामन्यात दुसरा खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा लागणे फार वाईट. आपल्या शाळेच्या मैदानावर हा नियम कुणी पाळते का?

बदललेला माणूस

सिनेमात डोक्यावर फटका बसला की नायकाची स्मृती जाते आणि दुसरा फटका बसला की परत येते. प्रत्यक्षात असे होत नाही. बालपणीची, लग्नाची आठवण बहुधा शाबूत असते. आजची गोष्ट मात्र टिकत नाही. सकाळी काय खाल्ले, कोण भेटून गेले, औषध घेतले की नाही, हे पुसले जाते. आणि दुसरा फटका मेंदूचे आणखी नुकसान करतो.

घरच्यांना सर्वांत जड जाते ते स्वभाव बदलणे. फिनिअस गेज हे नाव वैद्यकाच्या इतिहासात त्यासाठीच राहिले. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार पंचवीस वर्षांच्या गेजच्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. तो वाचला. थोड्याच वेळात बोलूही लागला. पण जबाबदार मुकादम म्हणून ओळखला जाणारा हा माणूस पुढे लहरी, शिवराळ आणि हट्टी झाला, असे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर हार्लो यांनी नोंदवून ठेवले. गोष्ट बहुधा इथेच संपवतात. पण गेजने नंतर चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले. ठरलेली वाट, ठरलेल्या वेळा, ठरलेले काम, असा रोजचा क्रम होता आणि त्यात तो टिकला, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. १८६० साली फिट येऊन तो गेला. इजा, बदललेला स्वभाव, शिस्तीच्या दिनक्रमाने मिळालेला आधार आणि वर्षांनंतर आलेल्या फिट, हे सगळे आजच्या रुग्णांतही दिसते.

कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला लगाम घालतो, कामाची आखणी करतो, चारचौघांत काय बोलू नये ते सांगतो. तो दुखावला तर माणूस चालतो, बोलतो, जेवतो, पण क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो किंवा दिवसभर एका जागी बसून राहतो. "आता काय झाले आहे याला? नुसता आळस आहे," असे शेजारी म्हणतात. हातापायाला प्लास्टर असते तर असे कुणी म्हटले नसते. त्यातच उदासी येते. सिएटल शहरात रुग्णालयात दाखल झालेल्या अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पहिल्याच वर्षात नैराश्याच्या आजाराने गाठल्याचे २०१० च्या अभ्यासात दिसले. नैराश्यावर उपचार आहेत, पण आधी ते ओळखायला हवे.

मुलांच्या बाबतीत 'लहान आहे, भरून येईल' असे आपण म्हणतो. पण दुखावलेला भाग वापरायची वेळ मुलावर अजून आलेली नसते. चौथीत ठीक वाटणारा मुलगा आठवीत गणिताच्या पायऱ्या सांभाळू शकत नाही. तोपर्यंत तो जुना मार सगळे विसरलेले असतात. शाळेला त्याची कल्पना द्यावी.

घरी काय करता येते? दिवसाचा क्रम ठरवून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. एक वही कायम जवळ ठेवा. एका वेळी एकच काम सांगा. टीव्ही, पाहुणे आणि प्रश्न यांचा एकदम मारा करू नका. मेंदू लवकर थकतो, दुपारची विश्रांती ही चैन नव्हे. फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नका. दारू पूर्ण वर्ज्य. डॉक्टरांनी सांगेपर्यंत गाडी चालवणे नाही. फिजिओथेरपीबरोबर वाचा-उपचार आणि मानसोपचार यांचीही चौकशी करा. बंगळुरूच्या निमहान्ससारख्या संस्थेत मेंदूच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. तालुक्याच्या गावी हे सहज मिळत नाही हे खरे. म्हणूनच घरच्यांना ते शिकवणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

पैशाचा प्रश्न उरतो. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी दीड लाख रुपयांपर्यंत आणि सात दिवसांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. पहिल्या तासांत पैशाअभावी दार बंद होऊ नये, यासाठी ती मोलाची आहे. पण मेंदूची इजा सात दिवसांत आवरत नाही. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ अपंगत्वे नोंदली आहेत, त्यांत माराने झालेली मेंदूची इजा स्वतंत्रपणे नाही. पक्षाघात, वाचादोष किंवा मानसिक आजार अशा दुसऱ्या नावाखाली ती बसवावी लागते. ज्याचे हातपाय धड आहेत पण स्मृती आणि विवेक गेला आहे, त्याला दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. त्यासाठी पहिल्या दिवसापासूनचे सर्व कागद जपून ठेवावेत आणि वेळ न घालवता वकिलाला भेटावे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेंदूला कायमची इजा झालेल्या एका मुलीची भरपाई २५ लाखांच्या घरातून ६२ लाखांवर नेली. ती ठरवताना तिला आयुष्यभर लागणाऱ्या दोन मदतनिसांचा खर्च न्यायालयाने हिशेबात धरला. घरात आई किंवा बायको जे दिवसरात्र करते ते काम आहे आणि त्याला किंमत आहे, हे त्या निकालाने मान्य केले.

शेवटी

हेल्मेटने सगळे टळते असे नाही. पण मोटारसायकलस्वारांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली घेतला गेला, तेव्हा हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूची सुमारे ४२ टक्क्यांनी घटते, असे आढळले. पुण्यात हेल्मेटसक्तीला विरोध करणारी समिती होती. मान दुखते, केस गळतात, अंतर जवळचे आहे, अशी कारणे सगळ्याच शहरांत ऐकू येतात. लांबाला तीनच चेंडूंचा प्रश्न होता. आपल्याला नाक्यापर्यंतचा असतो. हेल्मेट घ्यायचे तर आयएसआय चिन्हाचे घ्या, पट्टा लावा, आणि मागे बसणाऱ्यालाही द्या. आजी-आजोबांच्या मोरीत धरायला दांडी बसवा, रात्री दिवा ठेवा, गच्चीला कठडा घाला.

आणि एक मागणे. ओळखीतले कुणी अपघातातून वाचले की पहिल्या आठवड्यात रुग्णालयात रीघ लागते. शहाळी, सफरचंदे, चौकश्या. डॉक्टरही सांगतात, जिवावरचे संकट टळले. मग तो माणूस घरी येतो आणि हळूहळू कुणी येईनासे होते. खरे काम तेव्हा सुरू झालेले असते. तुमच्या ओळखीत असे घर असेल तर सहा महिन्यांनी तिथे जा. रुग्णाशी शांतपणे बोला, तोच प्रश्न त्याने तिसऱ्यांदा विचारला तरी तिसऱ्यांदा उत्तर द्या. त्याच्याजवळ दोन तास बसा आणि घरातल्या बाईला त्या वेळात बाहेर जाऊन येऊ द्या. मार मुका असला तरी त्या घराला बोलायचे पुष्कळ असते, आणि ऐकणारे कुणी नसते.